तात्पुरते दिवे

त्या घरात कुठलीही गोष्ट चर्चेने ठरत नसे. चर्चा व्हायची, शेजाऱ्यांची झोपमोड होईल इतकी व्हायची, पण ठरायचं मात्र मागच्या खोलीतल्या पिनबॉलच्या मशीनवर. ज्याला काही हवं असेल त्याने बाबांना आव्हान द्यायचं, दोघांनी आळीपाळीने तीन-तीन गोळ्या खेळायच्या, आणि ज्याचे गुण जास्त त्याचं म्हणणं खरं. हरणाऱ्याने तो विषय पुन्हा काढायचा नाही. बैठकीच्या खोलीचा रंग असा ठरला. कुत्रा पाळायचा नाही हे असंच ठरलं. थोरल्या मुलाने घरात ड्रम वाजवायचे नाहीत हेही असंच ठरलं, आणि त्याबद्दल अख्खी इमारत अजून बाबांना वाकून नमस्कार करते.

यात गोम एकच होती. बाबा कधी हरत नसत.

बाबा म्हणजे बस डेपोतले निवृत्त इलेक्ट्रिशियन. ते मशीनही डेपोच्या कँटीनमधलंच. कँटीनवाला ते भंगारात काढायला निघाला होता, बाबांनी ते चार मित्रांच्या पाठीवर घालून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. आईने दारातच हात आडवा धरला. बाबा म्हणाले, "बरं, खेळून ठरवू." आईने तो खेळ जन्मात पाहिला नव्हता, पण रागाच्या भरात ती हो म्हणाली आणि जिन्यावरच, शेजारच्यांच्या प्लगवर, सपशेल हरली. ही पद्धत तिथून पडली. म्हणजे खरी चूक तुझीच, असं आत्या आईला अजून ऐकवते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती राहायची समोरच्या फ्लॅटमध्ये, पण तिथे फक्त झोपायला जायची. घरात तिचा हुद्दा पंचाचा. विणकाम मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसायची आणि एकदा निकाल दिला की देवाचंही ऐकायची नाही. बाबांना ती बंड्या म्हणायची, आणि जगात बाबा कुणाला वचकून असतील तर तिला.

आणि आता धाकटी. धाकटीला येत्या रविवारी जिंकायचंच होतं.

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. हात असा सफाईचा, की तिने केलेली कवळी घालून लोक कणसं सोलून खायचे. पण या पोरीला कामाच्या वेळी काम सुचायचं आणि फावल्या वेळी भलतंच. बिघडलेल्या कवळ्या जोडून तिने एक बाहुला केला होता. तो जबडा हलवायचा, दात-ओठ खायचा आणि शिंक आली की कवळी हवेत उडवून परत तोंडात झेलायचा. एके दिवशी दातांचा रंग जुळवायला आलेल्या एका म्हाताऱ्याने ती शिंक पाहिली. म्हातारा निघाला गावोगाव बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या कंपनीचा मालक. तो हसत हसत खुर्चीवरून घसरला आणि जमिनीवर बसूनच म्हणाला, "पोरी, आमच्याबरोबर चल. वर्षभराचा दौरा आहे. बाहुल्या तू करायच्या. सोमवारी सकाळी गाडी निघते."

धाकटी घरी आली ती जमिनीला पाय न लावताच. आणि बाबांनी तिला एका शब्दात खाली आणलं. "नाही."

"का पण?"

"मी जन्मभर गाड्या बघितल्यात. जाताना सगळ्या चकाचक जातात. परत येताना बघायची एकेकीची अवस्था."

"मी काय बस आहे का, बाबा?"

"बसला निदान स्टेपनी असते."

खरं कारण वेगळंच होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला लग्न करून लांब गेला होता. धाकटी गेली की संध्याकाळी बाबांनी वाद घालायचा कुणाशी? आई वाद घालत नसे, ती सरळ उठून जायची. आत्याशी वाद घालण्याची बाबांची छाती नव्हती. पण हे बोलून दाखवतील तर ते बाबा कसले.

"मग रविवारी खेळू," धाकटी म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच धस्स झालं. लहानपणी मागितलेली साधी सायकलसुद्धा ती या मशीनवर कधी जिंकली नव्हती.

रडगाणं गायची तिला सवय नव्हती, म्हणून ती मागच्या खोलीत जाऊन मशीन सुरू करून नुसती बघत बसली. बघत बसली म्हणजे काय, दिसत काहीच नव्हतं. मशीनचे दिवे इतके मंद होते, की आत बल्ब पेटलेत हे हात लावून कळायचं. गोळी वर गेली की अर्ध्या मैदानात ती गुडुप व्हायची आणि एकदम खाली, फ्लिपरच्या तोंडाशी उगवायची. फ्लिपर म्हणजे ती दोन छोटी वल्ही, बाजूचं बटण दाबलं की गोळी परत वर हाणणारी. गोळी उगवेपर्यंत धाकटीने बटण दाबायचं ठरवावं, तोवर गोळी मधल्या फटीतून गेलेली. मागच्या उभ्या काचेवर समुद्राचं कसलंसं मोठं चित्र होतं, त्यातल्या एका ऑक्टोपसचा डोळा तेवढा दिसायचा. तो कित्येक वर्षं तिच्याकडेच रोखून बघत होता.

बाबांना या काळोखाचं काही नव्हतं. त्यांना मशीन पाठ होतं. ठण्ण झालं की गोळी कुठे आहे हे ते सांगायचे, कडेला खर्र वाजलं की बोट आपोआप बटणावर.

"मला दिसतच नाही तर मी खेळू कशी?" धाकटी ताडकन उठली. "आधी उजेड पाडते. मग बघू कोण हरतं ते!"

ही मागणी रीतसर पंचांपुढे गेली. आत्याने दोन टाके विणून होईपर्यंत विचार केला. "खेळणाऱ्याला दिसू नये असा काही नियम नाही," ती म्हणाली. "बंड्या, तुझी हरकत?"

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. त्यांचा स्वभाव तसा दिलदार, जिंकण्याची खात्री असली की फारच दिलदार. "माझी अवजारं घे, मीटर घे. फक्त बल्बांच्या वाटेला जाऊ नकोस. ते मी माझ्या हाताने लावलेत. इतक्या वर्षांत एक बल्ब गेलेला नाही! दाखव मला असं दुसरं मशीन."

"बघू तर खरं काय दिवे लावते ही," आत्या म्हणाली आणि वीण मोजायला लागली.

पहिल्या दिवशी धाकटीने मैदानावरची काच काढून धुतली. पाणी असं काळं निघालं, की आईने बादली लांबूनच बघितली आणि आतून फिनेल आणलं. काच परत बसवल्यावर सगळे गोळा झाले.

"फरक आहे," धाकटी म्हणाली.

"आहे ना," आत्या म्हणाली. "आधी अंधार मळका दिसायचा, आता स्वच्छ दिसतो."

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आल्यावर तिने प्लग काढला आणि मशीनचं पोट उघडलं. आत तारांचे जुडगे, गुंडाळ्या, घंट्या आणि एका कोपऱ्यात कधीचं वाळलेलं शेंगदाण्याचं टरफल. तिच्या अंगावर अक्षरशः आनंदाचा काटा आला. दिव्यांच्या वाटेवरचा फ्यूज तिने बोटाने हलवला तर तो पडायला टेकलेल्या दातासारखा डुगडुगला. असल्या गोष्टीत तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं! तिने फ्यूज धरून ठेवणारी पितळी क्लिप घासून पुसून चकचकीत केली, दाबून घट्ट बसवली आणि प्लग लावला.

ऑक्टोपसला दुसरा डोळा आला.

"दोन डोळे! दोन डोळे!" धाकटी खोलीभर नाचली. तिने आईला हाताला धरून फिरवलं, आईच्या हातातला झारा आत्याच्या लोकरीत अडकला आणि तो सोडवण्यात सगळ्यांची संध्याकाळ गेली. बाबा दारातून डोकावले. "वा," ते म्हणाले. "आता दोन डोळ्यांनी तुला हरताना बघेल."

तिसऱ्या दिवशी तिला खरा चोर सापडला, निदान तिला तसं वाटलं. ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या जाड तारा एका प्लास्टिकच्या जोडात शिरत होत्या आणि तो जोड तापून तापून करपला होता. आतल्या पिना काळ्या ठिक्कर. मीटर लावला तर जोडाच्या अलीकडे सहा व्होल्ट आणि पलीकडे जेमतेम चार. मधले दोन व्होल्ट हा जोड गिळून नुसता गरम होत बसला होता! धाकटीने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग करपलेला भाग कापून नवा जोड बसवला, एकेक पीन अशी नेमकी दाबली की बाबांनी भिंग लावून बघितलं आणि काही न बोलता भिंग ठेवून दिलं. बाबांच्या भाषेत याचा अर्थ शाबासकी.

मीटर आता थेट बल्बांच्या खोबणीच्या बुडाशी लावला तरी पुरे सहा व्होल्ट दाखवत होता. एका खोबणीला सहा, दुसरीला सहा, सगळीकडे सहा. धाकटीने डोळे मिटले, मनातल्या मनात नारिंगी, हिरव्या, जांभळ्या रंगांचा पूर येताना पाहिला आणि काचेपुढे येऊन डोळे उघडले.

दिवे लागले होते. विझलेल्या निखाऱ्याला फुंकर मारावी तेवढे लागले.

तिने मीटर झटकला, परत लावला. मीटर म्हणत होता सहा व्होल्ट. दिवे म्हणत होते, असतील, आम्हाला काय त्याचं. तिने खोबण्यांच्या मागचे टाके घासले. अर्थिंगच्या तारा तपासल्या. ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी आडवी होऊन तिने टॉर्च तोंडात धरला आणि प्रत्येक टाका बघितला. शनिवार उजाडला तरी ऑक्टोपसचे दोन डोळे आणि एक पाय, याच्या पुढे मजल गेली नाही. आई अधूनमधून येऊन चहा ठेवून जायची आणि तो गार झाला की नेऊन परत गरम करून आणायची.

"सोडून दे गं," शनिवारी दुपारी आई हळूच म्हणाली. "मी बोलून बघते त्यांच्याशी."

"बोलून या घरात काही झालंय का कधी?" धाकटी म्हणाली. उद्या आपण हरलो तर हा विषय पुन्हा काढता येणार नाही, हे तिला आता पहिल्यांदा खरोखर कळत होतं. सोमवारी गाडी निघेल आणि आपण लॅबमध्ये कुणाच्या तरी सुळ्याला पॉलिश करत बसू. तिने नाक ओढलं आणि हाताला चाळा म्हणून समोरचा एक बल्ब खोबणीतून फिरवून काढला. बाबांनी बजावलं होतं खरं, पण बल्ब चांगलाच होता, फक्त बुडाला मळ होता. तिने तो खिशातल्या रबराने पुसायला घेतला. लॅबमध्ये दिवसभर पुसण्याचंच काम, हाताला दुसरं सुचतच नव्हतं.

मळाखालून बारीक आकडे वर आले. बारा. पुढे व्होल्टचा व्ही.

धाकटी आकड्यांकडे बघत राहिली. मग तिने दुसरा बल्ब काढून पुसला. बारा. तिसरा. बारा. सहा व्होल्टच्या मशीनमध्ये एकजात बारा व्होल्टचे बल्ब! बिचारे अर्ध्या पोटी किती वर्षं राबत होते आणि तिच्या सगळ्या शिव्या त्या जोडाला गेल्या होत्या.

ती हसायला लागली. इतकी हसली, की जमिनीवर आडवी झाली, आणि काय झालं म्हणून धावत आलेल्या आईला तिने नुसता बल्ब दाखवला. आईने तो उलटसुलट करून बघितला. "हा तर बसचा," आई म्हणाली. "ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या काट्यांमागचा. डबाभर आणायचे हे डेपोतून, फेकून द्यायच्या बसमधले काढून. मशीनचा पहिला बल्ब गेला तेव्हा दुकान बंद होतं म्हणून त्यातला एक लावला होता. तात्पुरता."

"आणि दुसरा?"

"तोही तात्पुरताच असेल."

मग धाकटीला सगळंच उलगडलं. एकेक बल्ब जात गेला, एकेक बसचा बल्ब येत गेला, वर्षावर्षाला घर थोडंथोडं अंधाराला सरावत गेलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि एकही बल्ब गेला नाही म्हणून बाबा शेखी मिरवत होते! अर्ध्या दाबावर चालणारा बल्ब जाईल कशाला? तो त्यांच्या नातवंडांनाही पुरला असता.

"आई, बाबांना आत्ता काही सांगू नकोस," धाकटी म्हणाली आणि चपला उलट्या घालून जिना उतरली.

जुन्या रेडिओंच्या दुकानात तिला हवं ते मिळालं. दुकानदाराने बल्ब हातात घेतला, बुडाची ठेवण पाहिली आणि माळ्यावर चढून धुळीने माखलेला एक खोका काढला. रेडिओवर स्टेशनांच्या आकड्यांची काच असते ना, तिच्यामागे लावायचे दिवे. बूड तेच, व्होल्ट सहा. "हे कुणी मागेल असं वाटलं नव्हतं," दुकानदार म्हणाला. "किती देऊ?"

"सगळे," धाकटी म्हणाली.

रविवारी सकाळी बाबा केस कापायला गेले आणि इकडे घरात तारांबळ उडाली. आई जुने बल्ब काढायची, धाकटी नवे बसवायची, आणि पंचाने कुणाची बाजू घेऊ नये म्हणून आत्या खिडकीत उभी राहून बाबा येतात का ते बघत होती, हे बाजू घेण्यात मोडत नाही असं तिचं म्हणणं होतं. "आला! बंड्या आला!" ती ओरडली, तेव्हा आईच्या हातून शेवटचा बल्ब निसटून पोटात गडगडला. म्हणजे मशीनच्या. धाकटीने खांद्यापर्यंत हात घालून तो काढला, बसवला, झाकण लावलं आणि तिघी ओळीने सोफ्यावर जाऊन बसल्या. आईने घाईत वर्तमानपत्र उलटं धरलं होतं.

बाबा आत आले. त्यांनी तिघींकडे पाहिलं. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "चल, खेळाची वेळ झाली."

मागच्या खोलीचे पडदे ओढले. धाकटीने मशीनचं बटण दाबलं.

काय सांगावं! खोलीचं छत हिरवं झालं, आईचे केस जांभळे झाले, आत्याच्या पांढऱ्या लोकरीवर नारिंगी ठिपके नाचायला लागले. मैदानावर इतके रस्ते, इतके खांब, इतक्या वाटोळ्या टोप्या होत्या, की धाकटीला आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आलोय असं वाटलं. आणि मागची काच! समुद्राच्या तळाशी अख्खा वाद्यवृंद बसला होता. ऑक्टोपस आठ हातांनी आठ वाद्यं वाजवत होता, जलपरी डोळे मिटून गात होती, आणि तिच्या सुरांनी शिंपल्यांची तोंडं उघडली होती. आई तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आत्या स्टुलावर बसायची ती चुकून जमिनीवर बसली, आणि तिथूनच म्हणाली, "अगं बाई!"

बाबा काचेकडे बघत राहिले, मग धाकटीकडे.

तिने काढलेल्या बल्बांचा डबा त्यांच्या हातात दिला. "तुमचे बल्ब, बाबा. एकही गेलेला नाही."

बाबांनी एक उचलून बूड बघितलं. कानापर्यंत लाल झाले. जन्मभर ज्याने डेपोतल्या पोरांना व्होल्टवरून फैलावर घेतलं, तो माणूस. "तात्पुरते लावले होते," ते पुटपुटले.

"किती वर्षं तात्पुरते, बंड्या?" आत्याने विचारलं आणि तिला असं हसू फुटलं की सुया खाली पडल्या. आई हसली, धाकटी हसली, आणि शेवटी बाबाही डबा खुळखुळवत हसायला लागले. मग त्यांनी डबा ठेवला, बाह्या सरसावल्या. "दिवे लागले म्हणून मी हरेन असं समजू नका कुणी," ते म्हणाले. "चल, लाग खेळायला."

धाकटीची पहिली गोळी कधी गेली ते तिलाच कळलं नाही. इतकं दिसत होतं, की नेमकं काय बघायचं तेच सुचेना. दुसऱ्या गोळीला मात्र ती सावरली. गोळी वर गेली आणि तिला दिसत राहिली! डावीकडून वळली, टोपीवर आपटली, घंटा वाजली, खाली आली, आणि धाकटीने ती येताना पाहून, नीट पाहून, परत हाणली. आकड्यांची चाकं टकटक फिरत राहिली. तिसरी गोळी त्याहून सरस गेली. ती पडली तेव्हा धाकटी घामाने निथळत होती आणि तिचे गुण असे होते, की तेवढे बाबांखेरीज त्या मशीनवर कुणी केले नव्हते.

पण बाबांची एक गोळी बाकी होती, आणि दोन गोळ्यांतच ते तिच्या मागे अगदी चिकटून होते. थोडंसं खेळले तरी पुरे होतं. धाकटीने आत्याचा हात घट्ट धरला. पंचाने तो सोडवला नाही.

बाबांनी गोळी सोडली. ती वर गेली, दोन टोप्यांमध्ये टणटणली, चाकं फिरली. आता जेमतेम एका टोलाचं अंतर. गोळी सावकाश, अगदी लाडाने, उजव्या फ्लिपरकडे घरंगळत यायला लागली. पोरानेही हाणली असती.

"अरे!" बाबा एकदम म्हणाले. "त्या माशाला चष्मा आहे!"

सगळ्यांनी वर बघितलं. खरंच, काचेच्या कोपऱ्यात, एका खडकाआड, चष्मा लावलेला एक किरकोळ मासा सुरांचे कागद उलटत होता. आणि खाली टुक्क असा आवाज झाला. गोळी गेली होती.

आईने किंकाळी फोडली, धाकटीने तिच्याहून मोठी फोडली, खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी आपटली. धाकटी आईच्या गळ्यात, आई आत्याच्या गळ्यात, लोकर तिघींच्या गळ्यात. जिंकले! मी जिंकले! तिला बाहुल्या दिसायला लागल्या, गाडी दिसायला लागली, बाहुल्याच्या शिंकेवर हसणारी अख्खी गावं दिसायला लागली. आणि मग ती एकदम थांबली.

"बाबा, मुद्दाम हरलात का?"

आत्याने मान वळवली. "मुद्दाम हरला असेल तर डाव बाद. माझ्यापुढे असलं चालायचं नाही. खरं सांग, बंड्या."

"एवढा उजेड केला पोरीने," बाबा म्हणाले, "आणि बघूही नको का मी?"

आत्याने त्यांच्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. "लक्ष उडालं, म्हणजे हरला," ती म्हणाली. "धाकटी जिंकली. ती जाणार."

मग पुन्हा एकदा दंगा झाला. आई तोंड धुवायच्या नावाखाली आत जाऊन रडून आली. बाबा अजून मशीनपाशीच उभे होते.

"चल," ते धाकटीला म्हणाले. "आता पैज नाही, काही ठरवायचं नाही. नुसतं खेळू."

असं त्या घरात कधी झालं नव्हतं. "मग मी काय करू?" आत्याने विचारलं.

"तू वीण," बाबा म्हणाले आणि त्यांनी गोळी सोडली.

ते वर बघत होते. मान काचेकडे, डोळे त्या समुद्रात. "तो खेकडा बघ, झांजा उलट्या धरल्यात त्याने," ते म्हणाले आणि खाली उजवा फ्लिपर खट्टकन वाजला. "आणि तो लठ्ठ शिंपला, त्याला काही केल्या सूर सापडत नाहीये." खट्ट. "जलपरीचा आवाज कसा असेल गं?" खट्ट, खट्ट. चाकं फिरत होती, घंटा वाजत होत्या, बाबा माशांची विचारपूस करत होते. एकदा गोळी अगदी तशीच आली. तीच वाट, तोच सावकाशपणा, उजव्या फ्लिपरकडे घरंगळत. बाबांनी मान खाली केली नाही. बोट आपलं हललं आणि गोळी वर गेली.

धाकटीने तोंड उघडलं. आत्याच्या सुया थांबल्या.

आत्या तिच्याकडेच बघत होती. धाकटी बोलली असती तर पंचाला ते ऐकावं लागलं असतं. आत्याने हळूच मान हलवली, नाही म्हणून, आणि सुटलेला टाका शोधत लोकरीत तोंड खुपसलं.

धाकटीने तोंड मिटलं. तिला बाबांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडावंसं वाटत होतं, पण तेवढंही करायची सोय नव्हती. ती त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, आणि तिला एकाच वेळी हसूही आवरेना आणि रडूही.

"बाबा," ती म्हणाली, "पाडा की आता गोळी. माझी पाळी कधी यायची?"

"येईल गं," बाबा वर बघतच म्हणाले. "घाई काय आहे? गाडी उद्या सकाळची आहे."